विश्लेषण : टायरच्या हवेचा दिवा सारखा पेटतो, दोष सेन्सरचा की सवयीचा?

डिसेंबर-जानेवारीतील सकाळ. कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरीच्या वाटेला लागलेल्या गाडीत चालकासमोर पिवळा दिवा पेटतो. घोड्याच्या नालेसारखे चिन्ह आणि त्यात उद्गारचिन्ह. चालक खाली उतरतो, चारही टायरना पायाने दाबून बघतो. टायर टणक लागतात. गाडी पुढे निघते आणि वाघबीळ येईपर्यंत दिवा आपोआप विझतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी निष्कर्ष निघतो, ‘सेन्सर गंडलाय, चालतंय की!’

यानंतर सहसा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर दिव्याकडे पाहणेच बंद होते किंवा कुणाच्या तरी सांगण्यावरून चारही सेन्सर बदलण्याचा खर्च होतो. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. हवा खरोखर कमी असणे, यंत्रणेला नवी नोंद न मिळालेली असणे आणि सेन्सरच निकामी होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. दिवा मात्र तिन्हींसाठी एकच आहे. त्यातली नेमकी कोणती गोष्ट घडली आहे, हे ठरवण्यासाठी लागतो तो साधा हवेचा गेज आणि थोडा संयम.

दिवा नेमके काय सांगतो?

टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणाऱ्या या यंत्रणेला ‘टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टीम’ म्हणजेच ‘टीपीएमएस’ म्हणतात. तिचा दिवा दोन प्रकारे पेटतो आणि पहिला धडा हा फरक ओळखण्याचाच आहे.

गाडी सुरू केल्यावर दिवा लागला आणि स्थिर राहिला, तर एका किंवा अधिक टायरमध्ये हवा कमी आहे, असा त्याचा अर्थ. दिवा आधी साधारण मिनिटभर ते दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर बिघाड यंत्रणेत आहे. म्हणजे एखाद्या चाकाचा संदेश पोहोचत नाही किंवा यंत्रणेला स्वतःचे काम करता येत नाही. बहुतेक गाड्यांत हीच पद्धत आहे. काही गाड्यांत लुकलुकण्याऐवजी पडद्यावर ‘चेक टीपीएमएस’ असा मजकूर येतो किंवा त्या चाकाच्या आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसतात. नेमकी खूण गाडीच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेली असते.

अडचण अशी, की चावी फिरवली की बहुतेक जण लगेच गिअर टाकतात. पहिल्या मिनिटात दिवा लुकलुकत होता की नाही, याकडे लक्षच नसते. नंतर स्थिर दिसणारा दिवा दोन्ही प्रकारांत सारखाच दिसतो. म्हणून शंका आली की गाडी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी आणि दोन मिनिटे फक्त दिव्याकडे पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

कमी हवेचा एवढा धसका कशासाठी?

हवा कमी असलेल्या टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. वाकण्यातून उष्णता तयार होते. वेग, वजन आणि ऊन वाढले की ही उष्णता साठत जाते, रबर आणि आतील थर यांची पकड सैल होते आणि शेवटी टायर फाटतो. पुणे-बंगळूर महामार्गावर तासन्‌तास एका वेगाने धावणाऱ्या, पाच माणसे आणि सामान भरलेल्या गाडीत हे सगळे एकत्र येते. बाहेरून मात्र रेडियल टायर चार-पाच पीएसआय कमी असला तरी डोळ्यांना कळत नाही. पायाने दाबून तर मुळीच नाही.

ही यंत्रणा सक्तीची झाली तीही अशाच कारणाने. १९८६ मध्ये पोर्शेच्या ‘९५९’ या महागड्या गाडीत टायरचा दाब पाहणारी यंत्रणा आली होती. पण ती चैनीची गोष्ट होती. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. प्रामुख्याने फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवर बसवलेल्या या टायरचा वरचा थर सुटून झालेल्या अपघातांत दोनशेहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘ट्रेड’ कायदा झाला आणि टप्प्याटप्प्याने सर्व नव्या मोटारींत टीपीएमएस बंधनकारक झाले. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीसाठी ते सक्तीचे केले.

भारतात नियम काय आहे?

भारतातील वाट थोडी वेगळी आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीला ट्यूबलेस टायर, टायर दुरुस्तीचे किट आणि टीपीएमएस असेल, तर स्टेपनी देण्याची सक्ती कंपनीवर राहिली नाही. टीपीएमएस बसवले असेल तर ते ‘एआयएस-१५४’ या मानकानुसार असावे लागते.

या नियमाचा गाडीमालकाच्या दृष्टीने अर्थ महत्त्वाचा आहे. स्टेपनी नसलेल्या गाडीत हा दिवा म्हणजे केवळ सोय नाही. स्टेपनीच्या बदल्यात मिळालेले संरक्षण आहे. आंबा किंवा करूळ घाटात मोबाइलला रेंज नसताना टायर बसला, तर डिकीत फक्त किट असते. हवा कमी होऊ लागल्याचे वेळीच कळले, तरच त्या किटचा उपयोग. अशा गाडीत ‘दिवा खराब आहे’ म्हणून सोडून देणे म्हणजे स्टेपनी घरी ठेवून निघण्यासारखे आहे.

यंत्रणा काम कशी करते?

यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. बिघाड शोधण्याआधी आपल्या गाडीत कोणता आहे हे माहीत हवे.

प्रत्यक्ष प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्या मुळाशी रिमला लागून, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब आणि तापमान मोजतो आणि रेडिओ लहरींवरून गाडीतील संगणकाला कळवतो. भारत आणि युरोपातील गाड्यांत यासाठी ४३३ मेगाहर्ट्झची लहर वापरतात, तर अमेरिकेत ३१५ मेगाहर्ट्झची. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. शेजारच्या गाडीचा संदेश आपल्या गाडीने स्वीकारू नये म्हणून ही सोय. सेन्सरमध्ये बॅटरी असते आणि ती वाचावी म्हणून गाडी उभी असताना सेन्सर झोपलेला असतो. चाक फिरू लागले, साधारण ताशी २५-३० किलोमीटरचा वेग आला, की तो जागा होतो.

अप्रत्यक्ष प्रकारात टायरमध्ये काहीच नसते. एबीएस ब्रेकसाठी प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतोच. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढेच अंतर जायला त्या चाकाला जास्त फेरे घ्यावे लागतात. संगणक चारही चाकांच्या फेऱ्यांची तुलना करतो आणि एक चाक वेगळे वागू लागले की दिवा लावतो.

ओळखायची सोपी खूण अशी : पडद्यावर चारही टायरचे वेगवेगळे आकडे दिसत असतील, तर यंत्रणा प्रत्यक्ष आहे. आकडे दिसत नाहीत, पण मेनूमध्ये किंवा बटणावर दाबाची नोंद ‘सेट’ अथवा ‘रीसेट’ करण्याची सोय आहे, तर बहुधा अप्रत्यक्ष.

थंडीच्या सकाळीच दिवा का पेटतो?

हे कोडे बारावीच्या भौतिकशास्त्रातले आहे. बंद जागेतील हवेचा दाब तिच्या तापमानाबरोबर वाढतो आणि घटतो. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय, असा ढोबळ हिशोब आहे.

समजा, गाडीचा ठरलेला दाब ३३ पीएसआय आहे. दुपारी महामार्गावरून आल्या आल्या पंपावर हवा भरली. तेव्हा टायरमधील हवा ५० अंशांपर्यंत तापलेली होती. गेजवर ३३ दिसले, काम झाले. कोल्हापुरात जानेवारीच्या पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो. रात्रभर उभ्या असलेल्या टायरमधील हवा तेवढीच गार झाली, की तोच दाब २८ पीएसआयच्या आसपास उतरतो. कुठेही पंक्चर नसताना पाच पीएसआय गेले. त्यात चांगल्या टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय हळूहळू निघून जातो. म्हणजे महिन्याभरात आकडा २६-२७ वर.

आता दिव्याची मर्यादा पाहू. अमेरिकी नियमात ठरलेल्या दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यावर, तर युरोपीय नियमात २० टक्के खाली गेल्यावर इशारा द्यावा लागतो. ३३ चे २० टक्के वजा केले, की राहतात सुमारे २६.४ पीएसआय. दिवा पेटण्याची जागा नेमकी हीच. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालली, टायर तापले, दाब दोन-तीन पीएसआयने वाढला आणि दिवा विझला. चालकाला वाटते सेन्सर वेडा आहे. प्रत्यक्षात सेन्सरने अचूक माहिती दिलेली असते. महिनाभर गाडी कमी हवेवर धावत होती, एवढेच.

नायट्रोजन भरल्याने हे टळते, असा समज आहे. तो खरा नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाचा नियम दोन्हींना सारखाच लागू होतो. कोरड्या नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो किंचित सावकाश झिरपतो, इतकाच फायदा.

घाट उतरतानाही आकडे थोडे हलतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. कोकणात उतरल्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे त्याच टायरचा दाब गेजवर जवळपास एक पीएसआय कमी दिसू शकतो. तिथले गरम हवामान आणि उतारावर तापलेले ब्रेक उलट दिशेने आकडा वाढवतात. असा एखाद्या पीएसआयचा फरक हा बिघाड नव्हे.

हवा बरोबर आहे, हे कसे ठरवायचे?

पहिला नियम : मोजणी थंड टायरवर. गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. त्यामुळे घरापासून जवळचा पंप आणि सकाळची वेळ सर्वांत बरी. पंपावर हवेची सोय मोफत असणे अपेक्षित आहे.

दुसरा नियम : आकडा योग्य ठिकाणचा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. पुढील-मागील टायरचे आणि कमी-जास्त वजनाचे वेगवेगळे आकडे त्यावर असतात. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. तो भरायचा आकडा नव्हे. आकडे वेगवेगळ्या एककांत असले तर गोंधळू नये. ३३ पीएसआय म्हणजे सुमारे २.३ बार किंवा २३० किलोपास्कल.

तिसरा नियम : गेज स्वतःचा. पंपावरचा, पंक्चरच्या दुकानातला आणि गाडीच्या पडद्यावरचा आकडा यांत एक-दोन पीएसआयचा फरक असतोच. एकच गेज कायम वापरला, की निदान बदल तरी खरा कळतो.

आणि चौथा, सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम : तापलेल्या टायरमधून हवा सोडू नये. महामार्गावर ३३ चा आकडा ३७-३८ झाला म्हणून हवा कमी केली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा पेटणारच. टायर उत्पादकांनी तापल्यावर वाढणारा दाब गृहीत धरूनच थंड टायरचा आकडा दिलेला असतो.

चारही टायर बरोबर भरल्यावर दोन दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजावे. तिघांचा आकडा जागेवर आणि एकाचा तीन-चार पीएसआय खाली, तर त्या टायरमध्ये बारीक खिळा, रिमच्या कडेची गळती किंवा सैल व्हॉल्व्ह आहे. पंक्चर काढणाऱ्याकडे साबणाच्या पाण्यात ते लगेच दिसते. खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली असेल, तर टायरला भोक नसतानाही हवा जाते. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामात वळवलेल्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

हवा बरोबर, तरी दिवा जात नाही. मग?

घाई करू नये. प्रत्यक्ष यंत्रणेत सेन्सर जागा होऊन नवा आकडा पाठवेपर्यंत वेळ लागतो. हवा भरून जागेवरच दिवा विझण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. शहराबाहेर ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने दहा-वीस मिनिटे गाडी चालवावी.

अप्रत्यक्ष यंत्रणेत हवा भरल्यावर नोंद ‘रीसेट’ करावीच लागते. हीच नवी अवस्था योग्य आहे, हे संगणकाला सांगावे लागते. टायर बदलले, चाकांची अदलाबदल केली, तरी पुन्हा रीसेट. विसरले की दिवा महिनोन्‌महिने पेटतो आणि सेन्सर मात्र ठणठणीत असतो.

चाकांच्या रोटेशननंतर प्रत्यक्ष यंत्रणेतही एक घोळ होतो. पुढचे चाक मागे गेले, पण संगणकाच्या नोंदीत ते पुढेच राहिले. पडद्यावर पुढचे डावे चाक कमी दिसते, आपण तिथे हवा भरतो आणि खरे कमी असलेले चाक मागे तसेच राहते. काही गाड्या नवी जागा स्वतः शिकतात, काहींना उपकरणाने शिकवावी लागते. तपासण्याची युक्ती सोपी आहे : एका टायरमधील हवा चार-पाच पीएसआयने कमी करून थोडे अंतर चालवावे आणि पडद्यावर कोणता आकडा उतरतो ते पाहावे. नंतर हवा आठवणीने पुन्हा भरावी.

आणखी एक नेहमीचे कारण म्हणजे स्टेपनी. अनेक गाड्यांच्या स्टेपनीत सेन्सर नसतो. ती लावली, की एका चाकाचा संदेश बंद होतो आणि दिवा लुकलुकतो. तो बिघाड नाही. मूळ चाक परत बसवल्यावर, थोडे अंतर गेल्यावर तो आपोआप जातो.

दिवा लुकलुकतो तेव्हा काय बिघडलेले असते?

सर्वांत आधी संशय बॅटरीवर घ्यावा. सेन्सरमधील बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. २०१८-२० च्या सुमारास घेतलेल्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. बॅटरी मरताना एक खूण देते : थंडीत तिची ताकद घटते, त्यामुळे सकाळी दिवा लुकलुकतो आणि दुपारी सगळे ठीक असते. सकाळचा स्थिर दिवा हवेचा, सकाळचा लुकलुकणारा दिवा बहुधा बॅटरीचा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. ही बॅटरी आत घट्ट बंद केलेली असते. ती वेगळी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर बदलावा लागतो.

दुसरे कारण टायर बदलताना झालेला घाव. रिमवरून टायर सोडवणाऱ्या मशीनचा पट्टा व्हॉल्व्हजवळ दाबला गेला, तर सेन्सर फुटतो. व्हॉल्व्ह रबरी दिसला म्हणजे आत सेन्सर नाही, असेही नाही. रबरी व्हॉल्व्हचे सेन्सरही असतात. म्हणून पंक्चर काढायला चाक देतानाच ‘आत सेन्सर आहे’ असे सांगावे. टायर बदलल्याच्या दिवसापासून दिवा लुकलुकू लागला असेल, तर कारण वेगळे शोधायची गरज नाही.

तिसरे कारण गंज. अनेक सेन्सरचा व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा असतो. त्यावर शोभेची पितळी किंवा दुसऱ्या धातूची टोपी बसवली, की पावसाचे पाणी आणि कोकणातील खारी हवा यांच्या संगतीने दोन धातूंत गंज धरतो. टोपी अडकते, जोर लावला की व्हॉल्व्हच तुटतो आणि टायरची सगळी हवा जाते. साधी प्लास्टिकची टोपी सर्वांत चांगली.

चौथे कारण पंक्चरचे द्रव. किटमधील किंवा बाजारातील द्रवाने सेन्सरचे बारीक छिद्र बुजू शकते. सेन्सरला चालणारे द्रव मिळते. तरी नंतर टायर उघडून कायमची दुरुस्ती करताना सेन्सर पुसून घ्यावा.

कधी कधी सेन्सर ठीक असतो, पण संदेश पोहोचत नाही. ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास इतर छोटी उपकरणेही काम करतात. गाडीत नंतर बसवलेला स्वस्त चार्जर, डॅशकॅम किंवा एलईडी दिव्यांची जोडणी रेडिओ गोंगाट करू शकते. सगळी जादा उपकरणे काढून एक-दोन दिवस गाडी चालवून पाहावी. दिवा गेला, तर एकेक परत जोडून दोषी शोधता येतो.

दिवा पेटत नाही, हाही बिघाड असू शकतो?

होय, आणि तो जास्त धोक्याचा. अप्रत्यक्ष यंत्रणा चाकांची एकमेकांशी तुलना करते. चारही टायरमधील हवा सारखीच कमी होत गेली, तर तिला फरक दिसत नाही. सहा महिने हवा न भरलेल्या गाडीत नेमके हेच होते : चारही टायर २५ पीएसआयवर आणि दिवा शांत.

दुसरी चूक माणसाची. दिवा पेटला म्हणून हवा न तपासताच ‘रीसेट’चे बटण दाबले, की संगणक कमी हवेलाच योग्य मानून बसतो. दिवा विझतो, चालक खूश. प्रत्यक्षात इशारा देणाऱ्याचेच तोंड बंद केलेले असते.

अप्रत्यक्ष यंत्रणेत दिव्याबरोबर एबीएसचाही दिवा लागला असेल, तर चाकाच्या वेगाचा सेन्सर, त्याची वायर किंवा जोडणी तपासायला हवी. एका धुऱ्यावर एक नवा आणि एक झिजलेला टायर असला, तरी फेऱ्यांत फरक पडून दिवा लागू शकतो.

बाहेरून बसवलेले सेन्सर कितपत भरवशाचे?

ज्या गाड्यांत कंपनीची यंत्रणा नाही, त्यांच्यासाठी व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे सेन्सर आणि डॅशबोर्डवर ठेवायचा सौर पडदा बाजारात मिळतो. कमी हवेचा इशारा देण्याचे काम ते करतात. पण त्यांची बॅटरी लहान असते, उघड्यावर असल्याने ते चोरीला जाऊ शकतात आणि फिरत्या चाकावर त्यांचे वजन रबरी व्हॉल्व्हला ताण देते. सेन्सर नीट घट्ट बसला नाही, तर व्हॉल्व्हमधील पिन दाबलेली राहून सावकाश हवा जात राहते. हवा सांभाळण्यासाठी बसवलेले उपकरणच हवा घालवते. बसवल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

गॅरेजमध्ये काय विचारायचे?

‘चारही बदला’ याआधी एक प्रश्न : ‘कोणत्या चाकाचा सेन्सर बंद आहे आणि ते कशावरून कळले?’ याचे उत्तर देणारे उपकरण असते. ते टायरच्या बाजूला धरले, की १२५ किलोहर्ट्झच्या लहरीने झोपलेला सेन्सर जागा होतो आणि त्याचा ओळख क्रमांक, दाब, तापमान आणि अनेकदा बॅटरीची स्थितीही दाखवली जाते. तीन चाके उत्तर देतात आणि एक देत नाही, तर दोषी सापडला. चारही उत्तर देत असतील, तर दोष चाकांत नाही. गाडीतील संदेश घेणाऱ्या भागात किंवा नोंदीत आहे. तिथे चार नवे सेन्सर घालूनही दिवा जाणार नाही.

नवा सेन्सर त्याच लहरीचा आणि त्या मॉडेलला चालणारा असावा. परदेशातून मागवलेला ३१५ मेगाहर्ट्झचा सेन्सर इथल्या गाडीला कळणारच नाही. बसवल्यावर त्याचा क्रमांक गाडीत नोंदवावा लागतो. नोंदवला नाही, तर नवा सेन्सर असूनही दिवा लुकलुकतो. एक सेन्सर वयामुळे मेला असेल, तर इतर तीनही त्याच वयाचे आहेत, हे खरे. पण ते बदलायचे का, हा निर्णय बॅटरीची स्थिती पाहून आणि पुढचे टायर कधी बदलायचे आहेत, याचा विचार करून घ्यावा. टायर बदलताना चाक उघडावेच लागते, तेव्हा मजुरी दोनदा पडत नाही.

आणि घाटात दिवा पेटला तर?

तेव्हा निदानाचे सगळे प्रश्न बाजूला ठेवावेत आणि हवा गेली आहे, असेच धरून चालावे. एकदम ब्रेक दाबू नये, स्टिअरिंगला झटका देऊ नये. वेग हळूहळू उतरवून, इंडिकेटर देऊन, वळणावर नव्हे तर रुंद आणि सपाट जागी थांबावे. पडद्यावर आकडे असतील, तर ते कसे बदलत आहेत हे पाहावे. मिनिटागणिक उतरणारा आकडा म्हणजे हवा जाते आहे. तशा टायरवर गाडी पुढे नेऊ नये. आकडा स्थिर आणि मर्यादेच्या जरासाच खाली असेल, तर बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने हवा भरून कमी वेगाने जवळच्या दुकानापर्यंत जाता येते. असा पंप आणि गेज डिकीत असणे, विशेषतः स्टेपनी नसलेल्या गाडीत, गरजेचेच आहे.

दिवा खोटा ठरवण्याचा अधिकार चालकाला जरूर आहे. पण गेज लावून मोजल्यानंतरच. महिन्यातून एकदा, सकाळी, थंड टायरवर पाच मिनिटे दिली, तर थंडीतले बहुतेक पिवळे दिवे पेटणारच नाहीत. आणि त्यानंतरही एखादा पेटलाच, तर तो खरा आहे, हे समजायला वेळ लागणार नाही.